तीनला दोन शतांश कमी

सरकारी लॉटरीविरुद्ध मी आयुष्यात बरीच पत्रे लिहिली. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मी अधीक्षक असताना फाटकाला लागूनच लॉटरीची टपरी होती, आणि पोटगी भरायला आलेला माणूस आधी त्या टपरीवर थांबताना मी स्वतः पाहिला आहे. राज्याने एका हाताने सोडतीची तिकिटे विकावीत आणि दुसऱ्या हाताने गल्लीतला मटका पकडावा, हे मला तेव्हाही सहन होत नसे आणि आजही होत नाही. असे असून माझी नात अमेरिकेत लॉटरीच्या पैशावर कॉलेजात गेली, आणि तो पैसा तिला मिळावा म्हणून खटपट मीच केली. ही हकीकत मीच लिहून ठेवलेली बरी. घरातले इतर लोक ती सांगतात तेव्हा तपशिलात चुका करतात.

२००७ सालच्या एप्रिलमध्ये मी मुलाकडे गेलो. दक्षिणेकडचे राज्य. पाइनच्या झाडांचा पिवळा पराग त्या दिवसांत इतका झडत होता की दारातल्या मोटारीवर कुणी हळद शिंपडली आहे असे वाटे. नात बारावीत होती आणि मे महिन्यात तिचा पदवीदानाचा समारंभ व्हायचा होता. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचे होते. दोन तासांच्या अंतरावरच्या सरकारी विद्यापीठात तिला प्रवेशही मिळाला होता. मुलगा आणि सून यांचा हिशेब सरळ होता: राज्याची शिष्यवृत्ती मिळाली तर ती तिथे जाईल, नाही मिळाली तर घरी राहून जवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजात जाईल, आणि जनावरांचे पुढे पाहू. 'पुढे पाहू' याचा अर्थ त्या घरात सर्वांना ठाऊक होता.

ती शिष्यवृत्ती लॉटरीच्या उत्पन्नातून देतात, हे मला जेवताना कळले. हायस्कूलच्या चार वर्षांत चारपैकी तीन, म्हणजे 'बी' श्रेणीची सरासरी ठेवली की सरकारी विद्यापीठातली फी राज्य भरते. घरच्या उत्पन्नाची अट नाही. मी पोळी बाजूला ठेवून म्हणालो की याचा अर्थ पेट्रोलपंपावर तिकिटे घेणारा मजूर संगणक अभियंत्याच्या मुलीची फी भरणार. हा कर आहे, फक्त त्याला कर म्हणण्याची हिंमत कुणात नाही. मुलाने नेहमीप्रमाणे भाजी वाढून घेतली. सून म्हणाली, "बाबा, तुमचं तत्त्व मोठंच आहे. पण मला आधी तिची फी दिसते."

तीन आठवड्यांनी पत्र आले. सरासरी दोन पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांश. तीनला दोन शतांश कमी. पूर्णांकात रूपांतर करण्याची तरतूद नियमांत नाही, असे खाली स्पष्ट लिहिले होते. नात पत्र वाचून कुत्र्याला फिरवायला घेऊन गेली आणि बराच वेळ परत आली नाही. कुत्रा शेजाऱ्यांचा होता.

माझा लॉटरीला असलेला विरोध त्या संध्याकाळी एका बाजूला राहिला. योजना चुकीची असेल, पण जोवर ती अस्तित्वात आहे तोवर तिचे नियम माझ्या नातीला बरोबर लावले गेले पाहिजेत. मी मुलाला सगळी नियमावली छापून द्यायला सांगितली. ती मी दोऱ्याने शिवली, पानांना कागदी खुणा लावल्या आणि दोन दिवस वाचली. नागरिकत्वाची, रहिवासाची कलमे ठीक होती. मग शाळेने दिलेला चार वर्षांच्या गुणांचा तक्ता वाचला आणि माझे डोके तापले. दहावी, अकरावी, बारावी या तीन वर्षांत मुलीची सरासरी तीनच्या बरीच वर होती. नववीत मात्र ओळीने 'सी', 'सी', 'सी'.

नववी तिने माझ्याकडे केली होती. २००३ साली मुलाच्या कंपनीने त्याला वर्षभरात तीन शहरांत फिरवले, सूनही नोकरीत, म्हणून मुलीला एक वर्ष साताऱ्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. तिथे तिला शहात्तर टक्के पडले. पंच्याहत्तरच्या वर विशेष प्रावीण्य, आणि तिच्या वर्गात ते फक्त चार मुलांना मिळाले. मी गल्लीत घरोघरी कंदी पेढे वाटले होते. त्या शहात्तरला अमेरिकेत 'सी' ठरवले, कारण इथे ऐंशीच्या खाली 'सी' असतो. आमचा परीक्षक साठ गुण द्यायला किती कुरकुरतो, हे या लोकांना कोण सांगणार?

मी सांगणार होतो. सहा पानांचा तक्रार अर्ज तयार केला. त्यात परकीय गुणांचे असे यांत्रिक रूपांतर म्हणजे घोर निष्काळजीपणा आहे असे म्हटले, आणि शेवटच्या परिच्छेदात, ज्या व्यक्तीमुळे ही नोंद झाली तिचे नाव लेखी कळवावे अशी मागणी केली. शाळेच्या समुपदेशक बाईंची वेळ घेतली. मोटारीत नात मला म्हणाली, "आजोबा, यू कॅन कम, पण तिथे रागवायचं नाही." मी म्हणालो की कायदा कुणावर रागावत नसतो.

समुपदेशक बाई पन्नाशीच्या, प्रत्येक वाक्याला 'सर' लावणाऱ्या होत्या. त्यांनी आम्हाला बसवले, मला बर्फ घातलेला अतिगोड चहा दिला आणि माझी सहाही पाने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. हे मी आवर्जून नोंदवतो, कारण माझी पत्रे पूर्ण वाचणारे अधिकारी मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले आहेत. मग त्या म्हणाल्या की परदेशी शाळेचे गुण आले की ही शाळा साधारणपणे फक्त 'उत्तीर्ण' असे लिहिते. त्याचा सरासरीवर परिणाम होत नाही. या प्रकरणात तसे का झाले नाही, ते फाइलमध्ये दिसेल.

त्यांनी फाइल उघडली, सर्वांत वरचा कागद पाहिला आणि फाइल माझ्याकडे वळवली.

कागद कोर्टात वापरतात तसा लांब, लीगल आकाराचा होता. चार शिक्के, दोन सह्या, नोटरीचे लाल तिकीट. २००४ सालच्या जूनमध्ये मीच गुणपत्रिकेची सत्यप्रत करून सोबत जोडलेले ते पत्र होते. त्यात माझ्याच इंग्रजीत लिहिले होते की सदर गुण कोणत्याही प्रकारे न बदलता, न वगळता, विषयवार आणि जसेच्या तसे नोंदवावेत. 'उत्तीर्ण' यांसारखा मोघम शेरा आम्हाला मान्य होणार नाही. अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल.

विशेष प्रावीण्य झाकले जाऊ नये, एवढाच त्यामागे माझा हेतू होता.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या नोंदणी विभागातल्या मुलीला तेव्हा फार भीती वाटली होती, सर. तिने अक्षरशः तसंच केलं." मी माझ्या तक्रार अर्जाचा शेवटचा परिच्छेद आठवला. जबाबदार व्यक्तीचे नाव लेखी कळवावे. शेजारी नातीने ते पत्र वाचायला घेतले. तिचे खांदे हलू लागले तेव्हा मला वाटले रडते आहे. ती हसत होती. "व्यक्तिशः," ती म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली. मग बाईही हसल्या. मी थोडा उशिरा हसलो, पण हसलो.

मी अर्ज मागे घेतला आणि उपाय विचारला. बाई म्हणाल्या की मूळ शाळेने स्वतःच्या कागदावर आपली गुणपद्धती लिहून दिली, म्हणजे किती टक्क्यांना कोणता वर्ग आणि तो किती जणांना मिळतो, तर त्या आधारे नोंद दुरुस्त करता येईल. मात्र पदवीदानाच्या आत. दहा दिवस होते.

आता अडचण अशी की साताऱ्याच्या त्या मुख्याध्यापिकाबाईंना मी एकाच शैक्षणिक वर्षात अकरा पत्रे लिहिली होती. प्रार्थनेचा कर्णा, शाळेतूनच वह्या घेण्याची सक्ती, बसच्या मागच्या दाराची कडी. अकराही मुद्दे योग्य होते. कडी नंतर त्यांनी बदललीही. पण आमच्यात प्रेमाचे संबंध उरले होते असे म्हणता येणार नाही. त्यात शाळेला उन्हाळी सुट्टी. मी दोन दिवस विनंतीपत्राचा मसुदा करत बसलो, कारण विनंती कशी करतात याचा मला सराव नव्हता. शेवटी सुनेने सकाळी साडेसातला, तिकडची संध्याकाळ साधून, बाईंच्या घरचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली.

मी सर्व सांगितले, माझ्या २००४ च्या पत्रासकट.

"म्हणजे साहेब," बाई म्हणाल्या, "तुमचं पत्र शेवटी तुम्हालाच पोहोचलं."

मी हो म्हणालो.

"तुमच्या अकरा पत्रांची आमच्याकडे स्वतंत्र फाइल आहे. नवीन शिक्षक रुजू झाले की आम्ही त्यांना वाचायला देतो." मग त्यांनी नातीची चौकशी केली. ती अजून वर्गात मांजराचं पिल्लू घेऊन येते का, असे विचारले. मला त्या पिल्लाबद्दल काहीच माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळा उघडून पत्र करते, असे त्यांनी कबूल केले. "एकच अट आहे. माझ्या इंग्रजीत दुरुस्त्या करून परत पाठवायचं नाही."

पत्र आधी फॅक्सने आले, मग कुरिअरने मूळ प्रत. त्यात दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकले होते आणि एक वाक्य क्रियापदाविना होते. ते मी तसेच शाळेत नेऊन दिले. समुपदेशक बाईंनी वाचून सांगितले की असे स्पष्ट पत्र त्यांना क्वचितच मिळते. मी मान डोलावली. दुरुस्तीनंतर सरासरी तीनच्या वर गेली, आणि समारंभाच्या तीन दिवस आधी शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे कळले. नातीने मला विचारले, "आजोबा, पण लॉटरीचे पैसे चालतील ना तुम्हाला?" मी म्हणालो, "चालणार नाहीत. पण तू जा."

माझ्या व्हिसाची मुदतवाढ मी स्वतः अर्ज करून मिळवली होती, त्यामुळे ऑगस्टमध्ये ती वसतिगृहात गेली तेव्हा मी तिथेच होतो. मी रोज सकाळी पेट्रोलपंपापर्यंत चालत जात असे. तिथे एक घरे रंगवणारा माणूस भेटे. बुटांवर पांढऱ्या रंगाचे थेंब, हातात कॉफी आणि दोन तिकिटे. एकदा मी त्याला विचारले की हा पैसा कुठे जातो हे तुला माहीत आहे का. त्याला चांगले माहीत होते. त्याच्या मुलाला हीच शिष्यवृत्ती मिळाली होती. पहिल्या वर्षाअखेर सरासरी तीनच्या खाली गेली आणि बंद झाली. आता मुलगा त्याच्याच बरोबर रंगकाम करत होता आणि पैसे साठवून परत जाणार होता. मी माझ्या नातीबद्दल सांगितले. तो मनापासून हसला आणि म्हणाला, "मग तिला सांगा, मी दर शुक्रवारी फी भरतोय. तिने पास व्हावं." मी त्याला कॉफीचे पैसे देऊ केले. ते त्याने घेतले नाहीत.

तो निरोप मी तिला जसाच्या तसा दिला. ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला. रसायनशास्त्र अवघड जात होते. तिच्या मजल्यावरच्या कित्येक मुली तो विषय मुदतीच्या आत सोडत होत्या, कारण सोडलेला विषय सरासरीत धरत नाहीत आणि शिष्यवृत्ती शाबूत राहते. तिचे आईवडीलही सोड म्हणत होते. पण यंदा सोडला तर त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे विषय एक वर्ष मागे जाणार होते. माझा संताप झाला. हुशार मुलीने अवघड विषयापासून पळ काढला तर बक्षीस आणि टिकून राहिली तर दंड, असा नियम करणाऱ्या विधिमंडळाला मी त्याच दुपारी पत्र लिहायला घेतले. रंगाऱ्याची हकीकतही त्यात घातली. पत्र उत्तम उतरले होते. मी ते तिला फोनवर वाचून दाखवले.

तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "आजोबा, इट्स व्हेरी गुड. पण आत्ता पाठवू नका. मी क्लास ड्रॉप नाही करत आहे. आधी मला एक्झाम देऊ द्या."

मी विचारले की शिष्यवृत्ती गेली तर.

"तर मग पाठवा."

पत्र न पाठवता ठेवून देणे किती अवघड असते, याची मला त्या दोन महिन्यांत कल्पना आली. पाकिटावर तिकीट लावलेले होते. मी रोज ते पाहत असे. सून धूळ पुसताना ते उचलून पुन्हा त्याच जागी ठेवी. डिसेंबरात निकाल लागला: रसायनशास्त्रात 'बी'. मे महिन्यात वर्षाची सरासरी मोजली गेली तेव्हा मी साताऱ्यात परतलो होतो. तीन पूर्णांक एक दशांश. शिष्यवृत्ती चालू राहिली. मुख्याध्यापिकाबाईंकडे मी पेढे घेऊन गेलो आणि तिथे बराच वेळ बसलो.

ते पत्र मात्र मी नंतर पाठवले. मुलीचे भले झाले म्हणून नियम सुधारला असे होत नाही. फक्त अखेरचे वाक्य मी खोडले, ज्यात परिणामांस कोण जबाबदार राहील ते लिहिलेले होते.