अबोल्यातलं इंग्रजी

आमच्या घरात अबोल्याचे नियम ठरलेले आहेत. ताट वाढायचं, पण 'जेवायला या' म्हणायचं नाही. वाटी जरा जोरात ठेवायची, ऐकणाऱ्याने समजून यायचं. निरोप मुलीमार्फत द्यायचे. "बाबांना सांग, गॅस संपत आलाय," हे बाबा समोर पेपर वाचत बसलेले असताना सांगायचं. पण मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि आमच्याकडे निरोप्याच उरला नाही. त्यामुळे या वेळी अबोला धरला तेव्हा कुणामार्फत बोलायचं ते दोघांनाही कळेना. हे फ्रिजशी बोलायला लागले. "दही संपलेलं दिसतंय," असं फ्रिजला सांगायचे आणि दार लावून टाकायचे.

कारण घडलं फोनचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नाशिकच्या अगदी कडेला, द्राक्षबागा सुरू होतात तिथे. मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना आमच्या केंद्रप्रमुख साहेबांचा फोन आला. हरसूलकडच्या शाळांमधल्या शिक्षकांना इंग्रजी वाक्यं कशी शिकवायची याचं प्रशिक्षण द्यायला वर्षभर जाल का, असं त्यांना मला विचारायचं होतं. आठवड्यातले काही दिवस तिकडेच मुक्काम. त्याआधी तिथल्या एका शाळेत नमुना पाठ द्यायचा. माझा फोन खाली घरात होता. तो यांनी उचलला आणि उत्तरही यांनीच देऊन टाकलं. तिला नाही जमायचं साहेब, चार लोकांसमोर इंग्रजी बोलायचं म्हटलं की घाबरते ती.

घरात मला यातलं काही कळलं नाही. शाळेच्या भेटीला आल्यावर साहेबच म्हणाले, काही हरकत नाही मॅडम, होतं असं एखाद्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठ मी देणार आहे, असं तिथल्या तिथे सांगितलं आणि घरी येऊन तोंडाला कुलूप लावलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. सांगून बसले खरी, पण त्या दिवसापासून जीव थाऱ्यावर राहिला नाही. भाजी चिरायला घेतली की पाठ आठवायचा, पाठ लिहायला बसले की भाजी आठवायची. पाठ तसा साधाच होता: कोण, काय केलं, कसं केलं, कुठे. क्रियापद भूतकाळातलं, त्याच्या मागून ते कसं केलं ते सांगणारा शब्द, मग जागा. पाठ्यपुस्तकी नमुना असा, 'द बॉय रॅन क्विकली टु द स्कूल.' मला या वाक्याचा मनापासून राग आहे. इतकी वर्षं शिकवतेय, शाळेकडे धावत येणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. सुटल्यावर धावतात, ते घराकडे.

म्हणून मी स्वतःची वाक्यं करायला लागले. ओट्यापासून बाल्कनीपर्यंत येरझाऱ्या घालत, मोठ्याने. बसून मला बोलताच येत नव्हतं. आणि घरात बघून वाक्यं करायची तर बघायला माणूस एकच होता.

"ही वॉक्ड अँग्रिली इन्टु द बाल्कनी," मी म्हटलं. हे खरोखरच तेव्हा रागारागाने बाल्कनीत गेले होते. दुसऱ्या दिवशी, "ही ड्रँक द टी नॉइझिली ऑन द सोफा." कप मध्येच थांबला. पुढचा घोट अगदी मुकाट्याने घेतला गेला.

मग एका संध्याकाळी सोफ्यावरून, पेपराच्या आडून, सातपूरच्या कंपनीत स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाच्या शांत आवाजात उत्तर आलं. "शी हिड द रिमोट सीक्रेटली बिहाइंड द राइस डबा."

मी रिमोट खरंच तांदळाच्या डब्यामागे लपवला होता. हसू इतकं आलं की ते ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून उभी राहिले. पण नियमाप्रमाणे हे बोलणं नव्हतं. सराव होता. वाक्यातली ती 'शी' म्हणजे मी, असं कुणी कबूल केलेलं नव्हतं. त्यामुळे अबोलाही शाबूत राहिला आणि संध्याकाळीही बऱ्या जायला लागल्या. भाजी खारट झाली तेही कळायचं, लाइट बिल भरलं तेही. सगळं भूतकाळात आणि सगळं कुणा तिसऱ्याच नवरा-बायकोबद्दल.

आणि मग मला राहवलं नाही. पाठ परवावर आला होता आणि हे मजेत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. मी कणीक तिंबता तिंबता म्हटलं, "ही स्पोक कॉन्फिडंटली फॉर हर ऑन द फोन."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. मला वाटलं, आता उठून बाल्कनीत जातील. गेले नाहीत. एकेक शब्द शोधत म्हणाले, "शी स्टुड सायलेंटली ऑन द स्टेज. शी क्राइड बिटरली इन द रिक्षा. ही सॅट हेल्पलेसली बिसाइड हर."

माझे हात परातीतच राहिले. फार पूर्वी शाळेच्या गॅदरिंगमध्ये इंग्रजीत आभार मानायला मला उभं केलं होतं, पाहुणे समोर, त्यांच्यात हेही बसलेले, आणि पहिल्या वाक्यानंतर माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. त्या दिवसाबद्दल आम्ही मराठीत कधीच बोललो नाही. मला वाटायचं, हे विसरले. हे तर तो दिवस उशाशी घेऊन झोपत होते.

वाईट वाटलं. आणि राग त्याहून जास्त आला, कारण सगळं खरं होतं. रडले मी होते, तर घाबरायचं की नाही तेही मीच ठरवायला हवं होतं. पण एवढं मोठं वाक्य मला इंग्रजीत येत नव्हतं आणि मराठीत बोलायला अबोला आडवा येत होता. पोळ्या मात्र त्या दिवशी सगळ्या करपल्या.

पाठाच्या दिवशी सकाळी खाली गाडीचा हॉर्न वाजला. हॉर्नही नियमात बसतो. यांनी मला स्टँडवर सोडलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि गाडी वळवली. एसटीत खिडकीशी बसून मी पाठ घोकत होते, त्र्यंबकच्या पुढचा घाट लागला तसं सगळं विसरत होते.

तिथल्या वर्गात मागच्या बाकांवर साहेब आणि आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक बसलेले. माझी पहिल्या वाक्यालाच जीभ अडखळली. समोर मुलं टकमका बघताहेत. तेच पुन्हा होणार, असं वाटलं. मग फळा सोडला आणि घरातल्यासारख्या येरझाऱ्या घालायला लागले. 'अँग्रिली' म्हणत पाय आपटत चालले, 'क्वायटली' म्हणत चवड्यांवर. मुलांना तेवढंच हवं होतं. एका मुलीला म्हटलं, तू 'स्लोली' चालत दाराबाहेर जा. ती जी गेली ती परत येईना. पाठ संपत आला तरी पत्ता नाही. दाराशी बसलेली तिची मैत्रीण बाहेर डोकावून म्हणाली, "बाई, ती नाय येत अजून, ती स्लोलीच चाललीय हापशाकडं." सगळा वर्ग हसला, साहेब हसले. मीही हसले, आणि हसताना लक्षात आलं की मघापासून मी इंग्रजीतच बोलत होते.

साहेब म्हणाले, संध्याकाळी फोन करतो, यायचं की नाही ते तुम्ही विचार करून सांगा.

घरी आले ती ओट्यापाशीच गेले. "शी स्पोक लाउडली इन द क्लासरूम," मी कढईला सांगितलं. सोफ्यावर पेपर खाली आला. पुढचं वाक्य ऐकायला थांबलेत, हे कळत होतं, पण मला सुचेना. जायचं होतं आणि जाववत नव्हतं. आधी मुलगी, आता मी. या घरात संध्याकाळी फ्रिज तरी किती ऐकणार.

तेवढ्यात फोन वाजला. माझे हात पिठात. हे उठले, फोन उचलला आणि साहेबांचं सगळं ऐकून घेतलं. मी लाटणं धरून उभी. एक शब्द जास्त बोलले असते तर काय केलं असतं कुणास ठाऊक.

"ते तिलाच विचारा साहेब. देतो," म्हणाले, आणि फोन माझ्या कानाशी धरला. मी बोलले तेवढा वेळ तसाच धरून उभे राहिले. हो साहेब, येते मी, सोमवारपासून येते.

फोन ठेवून हे ओट्याशी गेले. तांदळाचा डबा काढला, वाटी हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून, सरळ मराठीत, म्हणाले, "एका माणसाला किती घ्यायचे गं?"

मला एकदम रडू आलं. मी पिठाच्या हातानेच वाटी त्यांच्या हातातून घेतली, तांदळाने भरली आणि परत दिली.

"सोमवारी सांगते," मी म्हटलं. "आज दोघांचा भात टाका."