शेंगदाण्यांचा लाल रंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. तोंडाने सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे — तुम्ही समोर बसला आहात असं धरून.

आधी अभिमानाचं सांगते. चालेल ना? मी चौथी शिकलेली. श्रीवर्धनजवळच्या गावातून लग्न होऊन इथे आखातात, फहाहीलला आले. नवरा मीना अब्दुल्ला या गावी, रिफायनरीत कामाला. मी घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते, कृती लिहून ठेवते. मुलगी सई शिकायला पुण्याला गेली आणि तिचा जुना लॅपटॉप माझ्याकडे राहिला. त्यात लिहायचा एक प्रोग्रॅम होता — दिसायला साधा, पण आपण शिकवू ते शिकणारा. त्याला एखादा शब्द दिला की तो शब्द पानात जिथे जिथे असेल तिथे रंगतो. नको झाला की रंग काढता येतो. पण त्यासाठी चार-चार कळा दाबायच्या, आणि वर तो दर वेळी विचारणार, रंग कुठला? मला एवढी विचारपूस सोसत नाही. मला एकच कळ हवी होती, आणि रंग माझा — पिकल्या मिरचीचा.

सई म्हणाली, "आई, जस्ट यूज वर्ड ना!" पण त्या प्रोग्रॅमला शिकवायच्या ओळी पाठवल्या तिने. इंग्रजी अक्षरं मी इथल्या दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेली. एकेक अक्षर बघून उतरवलं. चालेना. एक कंस बंद करायचा राहिला होता — तो मीच शोधला. आणि शेंगदाणे, शेंगदाण्याचा, शेंगदाण्यांचं, सगळं एकदम रंगावं म्हणून नुसतं 'शेंगदाण' द्यायचं, हे तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. कळ दाबली आणि पानभर लाल! स्वयंपाकघरात एकटीनेच टाळ्या वाजवल्या मी. आजही ती कळ दाबताना माझी मान ताठ होते. ते लपवणार नाही.

आता शबाना. रत्नागिरीची, आमच्याच इमारतीतली. मोठी ऑर्डर आली की आम्ही दोघी वाटून घ्यायचो. तिला मी लॅपटॉपवर दाखवून ठेवलं होतं — लाल दिसेल ते घालायचं नाही. ती इमारतभर सांगत फिरली, "आमच्या वहिनींना कॉम्प्युटर वश आहे!"

सलवा भागात एका घरी बारसं होतं. त्यांच्या मोठ्या मुलीला शेंगदाणे चालत नाहीत, घसा सुजतो. भरली वांगी शबानाकडे होती. मी कृतीतले शेंगदाणे लाल केले आणि फाईल तिच्या मोबाइलवर पाठवली. तोंडी सांगितलं का? नाही. एवढं ठसठशीत लाल असताना सांगायचं कशाला — असं वाटलं.

पोरीने वांगं खाल्लं आणि तिचे ओठ सुजले, श्वास लागला. इस्पितळात न्यावं लागलं. वाचली. त्या घरच्या बायकांसमोर शबाना म्हणाली, "वहिनी, लाल काहीच नव्हतं हो." आणि मी — चारचौघांत कधी तोंड न उघडणारी — मोठ्याने म्हणाले, "मी माझ्या हाताने केलं होतं. तूच नीट पाहिलं नाहीस."

तोवर मी खोटं बोलत नव्हते. घरी आल्यावर सईला फोन केला. झालेलं काही बोलले नाही, नुसतं रंगाचं विचारलं. ती हसली. "आई, तो कलर फक्त तुझ्या स्क्रीनवर असतो. फाईलबरोबर जात नाही."

म्हणजे शबानाकडे सगळं काळंच पोचलं होतं.

तेव्हाच जिना उतरून तिच्याकडे जाता आलं असतं. गेले नाही. का? चौथी शिकलेल्या बाईने कॉम्प्युटरला हात लावला की असंच व्हायचं, असं कुणी म्हणू नये म्हणून. माझी कळ, माझा रंग, माझं नाव — त्यापुढे शबाना मला लहान वाटली. खरं तेच आहे.

तिला ऑर्डरी मिळेनाशा झाल्या. त्या माझ्याकडे आल्या, आणि मी घेतल्या. आता मी कृतीत सरळ लिहिते — शेंगदाणे घालू नका. म्हणजे चूक कुणाची, हे मला नीट कळलं होतं, नाही का?

परवा मासळीबाजारात शबाना भेटली. डोळ्यांवर नवा चष्मा. म्हणाली, "वहिनी, तेव्हा माझ्या डोळ्यांनीच दगा दिला बघा. आता हा लावते."

"बरं केलंस," मी म्हणाले.