ठिणगीने चौघांना ओवाळलं

पाणी जायच्या आत पिंप भरायचं, चपात्या लाटायच्या आणि नवऱ्याचा, म्हणजे दशरथचा, डबा बांधायचा, ही तिन्ही कामं मालनवहिनी एकदमच करायची. हात पोळपाटावर, एक कान नळाकडे आणि दुसरा गॅलरीत. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत सकाळ अशीच उजाडायची. तिची नणंद विमला खिडकीखाली मांडीवर फळी घेऊन बसली होती आणि काल राहिलेल्या चित्राला शाई चढवत होती. ठिणगीचा हात पुढे, बोटांतून ठिणग्या. ठिणगीचा हात काढताना विमलाचा स्वतःचा हात कधी थरथरत नसे.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दार ओढलेलं होतं, कडी नव्हती. या इमारतीत दार कुणी वाजवत नसे. ओळखीचा माणूस हाक मारत सरळ आत यायचा, आणि अनोळखी माणसाला शेजारची शकुमावशी जिन्यातच अडवून पार त्याच्या गावापर्यंतची चौकशी करायची. शकुमावशीला चुकवून वर आलेला हा कोण, म्हणून वहिनीने लाटणं हातात घेऊनच दार उघडलं.

"विमलाताई आहेत का?"

विमलाच्या कुंचल्याचा टिपूस कागदावर पडला. तो नंदकिशोर पेडणेकरचा आवाज होता. तीन वर्षं दोघं एका बालसाप्ताहिकासाठी चित्रकथा करत होते. गोष्ट त्याची, चित्रं तिची. पण पानांची ने-आण साप्ताहिकाचा शिपाई धोंडिराम करायचा. पेडणेकर फार तर इमारतीच्या फाटकापर्यंत यायचा. वर आज पहिल्यांदाच आला होता.

"अहो पेडणेकर, या ना आत," ती उठत म्हणाली.

तो उंबऱ्यावरच राहिला. "करंदीकरांनी अंधेरीला बोलावलंय. आजच. आमच्या शेजारच्या दुकानात त्यांचा फोन आला होता."

"का? पानं आवडली नाहीत?"

पेडणेकरने वहिनीकडे पाहिलं, मग चपलांकडे. "पानं आवडली. पण दंतमंजनवाल्यांना प्रेम हवंय."

पोळपाटाकडे परतायला निघालेली वहिनी जागच्या जागी थांबली.

"कुणाचं?" विमलाने विचारलं.

"ठिणगीचं. कातळशी."

आता ही ठिणगी आणि हा कातळ कोण, ते सांगायला हवं. विमला आणि पेडणेकर यांच्या चित्रकथेचं नाव 'धडकपंचक'. अद्भुत शक्ती असलेले पाच जण, चार पुरुष आणि एक मुलगी. कातळ अंगाने डोंगरासारखा, गोळी लागली तर गोळीच चेपायची. ठिणगीच्या बोटांत वीज. पाचही जण मिळून पूर थोपवायचे, आगी विझवायचे, साठेबाजांची गोदामं फोडायचे. पोरांना इतकं आवडलं की अंक आला की हातोहात फिरून फाटायचा. घरोघरी रंगीत टीव्ही आले, तशी अंधेरीच्या करंदीकरांनी याचं कार्टून करायचं मनावर घेतलं. त्यांचा हलत्या चित्रांचा छोटा स्टुडिओ होता. आजवर बिस्किटांच्या आणि साबणांच्या जाहिराती केल्या होत्या. एका दंतमंजनाच्या कंपनीने प्रायोजक व्हायचं कबूल केलं, आणि विमलाला झोप लागेनाशी झाली. आधी आनंदाने, मग धास्तीने.

धास्ती साधी होती. हे काम हातून गेलं तर ती पुन्हा कुणाची कोण? गिरणीचा संप चिघळला तेव्हा दशरथ घरी बसला. दोन वर्षं हे घर विमलाच्या कुंचल्यावर चाललं होतं. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, मग हे साप्ताहिक. आता दशरथ मरोळला एका कारखान्यात पॅकिंगला लागला होता. तो याबद्दल बोलत नसे, पण जेवताना माशाचा तळलेला तुकडा आधी बहिणीच्या ताटात पडला की नाही, ते बघायचा. पस्तिशी उलटलेली, लग्न न झालेली नणंद घरात मानाने राहते ती कशाच्या जोरावर, हे विमला पुरतं जाणून होती.

"थांबा, साडी बदलून येते," ती म्हणाली.

"मी खाली उभा राहतो," पेडणेकर म्हणाला आणि गेलासुद्धा. पाणीही विचारायचं राहिलं.

वहिनीने दार ओढून घेतलं. "विमल, तो तुका ताई म्हणता, ता बरा आसा," ती हळूच म्हणाली. वहिनी मालवणची. काळजी वाटली की तिची मालवणी वर यायची.

त्या 'ताई'चा इतिहास होता. दोन वर्षांपूर्वी शकुमावशीने गॅलरीत लसूण सोलता सोलता वहिनीला विचारलं होतं, "काय गं मालन, तुझ्या नणंदेचं आणि त्या पेडणेकराचं काय? सारखं आपलं गोष्ट त्याची, चित्रं हिची!" वहिनीने ते विमलाच्या कानावर घातलं, डोळ्यांत पाणी आणून. तेव्हा दिवाळी अंकाचं शेवटचं पान विमलाकडे होतं. पेडणेकरने लिहिलं होतं, पाचही जण किल्ल्यावर पणत्या लावतात. विमलाने तिथे भाऊबीज काढली. पाट, रांगोळी, निरांजन. ठिणगी चौघांना ओवाळते आहे आणि कातळने तबकात ओवाळणी म्हणून केवढा तरी धोंडा घातलाय.

अंक आला. शकुमावशीने पान दोनदा पाहिलं, म्हणाली, "हां, मग ठीक आहे." आणि त्या दिवसापासून इमारतीतली कुजबुज बंद झाली. पेडणेकरने छापलेलं पान पाहिलं. आधी तो तिला नुसतं आडनावाने 'परब' म्हणायचा, तो 'विमलाताई' म्हणायला लागला.

बसमध्ये तिला बायकांची सीट मिळाली, पेडणेकर पुढे दांड्याला धरून उभा. पवईचा तलाव मागे गेला, मरोळ नाका आला. विमला मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती. नाही म्हणावं तर करंदीकर दुसरा चित्रकार बघतील, अंधेरीत चित्रकारांना काय तोटा? हो म्हणावं, तर ठिणगी कातळकडे मान वेळावून बघते आहे असं स्वतःच्या हाताने काढायचं. शकुमावशी टीव्हीवर ते बघणार. आणि मग गोष्ट लिहिणारा कोण, चित्रं काढणारी कोण, याचा हिशेब सगळी इमारत नव्याने मांडणार.

स्टुडिओत पंखा गरगरत होता. श्यामसुंदर करंदीकर दिलखुलास माणूस, बोलताना हात असे फिरायचे की समोरच्याने कप सांभाळावा. त्यांची बायको मृणालिनी शेजारच्या टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदांवर रंग भरत होती.

"परबबाई, पटतंय का बघा," करंदीकर म्हणाले. "पाच जण रात्रंदिवस एकत्र. चार बाप्ये, एक तरुण मुलगी. आणि काहीच होत नाही? लोक विचारतील ना."

"तुमच्याकडे इतके जण रात्रंदिवस एकत्र काम करतात," विमला म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक आला. "त्यांचं काय होतं?"

"पगार होतो," मृणालिनी मान वर न करता म्हणाली. "तोही कधीकधी."

"तू गप गं. अहो, कंपनीच्या साहेबांचं म्हणणं, कार्टून बायकांनीही बघायला हवं. बायकांना प्रेम लागतं."

"बायकांना दंतमंजन लागतं. प्रेम कुणी मागितलं?" मृणालिनीने कुंचला पाण्यात बुडवला. "आणि कसं जमणार ते? तिने ओवाळलंय ना त्याला."

"कुणी? कुणाला?"

"ठिणगीने. चौघांना. दिवाळी अंकात. आपल्या घरी पोरांनी तो अंक भिंतीला चिकटवलाय, तुझं लक्ष असतं कुठे?"

करंदीकरांचे हात हवेतच राहिले. "ओवाळलं? बाप रे. मग संपलंच. ओवाळलेल्या भावाशी... छे! माझी आईच टीव्ही फोडेल."

विमलाला क्षणभर हसूच फुटलं. सुटलो एकदाचे! तिने पेडणेकरकडे पाहिलं. तोही रुमालाने मान पुसत होता.

पण करंदीकर हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी टेबलावर थाप मारली. "सहावा आणू! नवा हिरो. झकास दिसणारा. त्याला कुठे ओवाळलंय? काय पेडणेकर?"

"लिहिता येईल," पेडणेकर पुटपुटला.

लिहिता येईल! आणि आला सहावा, की पुढे काय, ते विमलाला दिसायलाच लागलं. तो संकटात सापडणार, ठिणगी बाकी काम टाकून त्याच्याकडे धावणार. तो रुसला की हिच्या बोटांतली वीज जाणार.

"करंदीकरसाहेब," ती म्हणाली, "आमच्या अंगणात पोरं धडकपंचक खेळतात. खालच्या मजल्यावरची शुभा ठिणगी होते. मोठी होत चाललीय, तिच्या वयाच्या मुलींना आया अंगणात सोडत नाहीत. पण हा खेळ असला की सोडतात. कारण ठिणगी खेळायला जात नाही, कामाला जाते. तुम्ही तिला कुणाची तरी केलीत, की दुसऱ्या दिवशी शुभाला वरून हाक येईल. चल घरात."

"मग भाऊबीजच ठेवा की," करंदीकर म्हणाले. "बहीण राहू दे. आयांना चालेल."

"तेही नको." हे तोंडून निघालं तेव्हा विमला स्वतःच दचकली. "ती भाऊबीज गोष्टीत नव्हती. मीच घातली, शेजारपाजारच्यांना घाबरून. लिहिली होती ती पाच जणांची तुकडी. बहीण नव्हे आणि प्रेयसीही नव्हे. तिच्या हातात वीज आहे म्हणून ती तिथे आहे."

करंदीकरांनी बायकोकडे पाहिलं. मृणालिनी म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मी इथे बायको म्हणून बसते तेव्हा सगळ्यांना चालतं. रंगकाम येतं म्हणून बसलेय, हे कुणाच्या लक्षात असतं?"

करंदीकर बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. शेवटी म्हणाले, "साहेब सोमवारी यायचेत. पहिला भाग तुम्ही म्हणता तसा, नुसत्या कामाचा, चित्रं ओळीने लावून त्यांना दाखवू. त्यांचा जीव रमला तर ठीक. नाही रमला, तर सहावा येईल. आणि बाई, स्पष्ट सांगतो, मग तो काढायला मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

आज शनिवार. म्हणजे हातात उरला रविवार.

बसथांब्यावर ऊन मी म्हणत होतं. पेडणेकर म्हणाला, "मी 'लिहिता येईल' म्हणालो, ते चुकलंच."

"घाबरलात. मीही घाबरूनच भाऊबीज काढली होती."

"मला वाटलं, तुम्ही मला सांगताय," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "पायरी ओळखून राहा म्हणून. म्हणून ताई म्हणायला लागलो."

त्या चित्राने शकुमावशीचं तोंड बंद झालं, आणि या माणसाचंही झालं होतं. विमला म्हणाली, "मला नुसतं काम करायचं होतं, पेडणेकर."

"मग उद्या कुठे बसायचं, परब? साप्ताहिकाचं ऑफिस बंद. वाकोल्याला माझी एक खोली, त्यात आई अंथरुणाला खिळलेली."

"आमच्याकडे या," ती म्हणाली.

घरी दशरथ अर्ध्या दिवसाची पाळी करून परतला होता, बनियनवर भिंतीला टेकून बसला होता. विमलाने सगळं सांगितलं. शेवटचं मात्र चपला काढता काढता, पाठमोरी राहून सांगितलं. पेडणेकर उद्या येतील, दिवसभर बसतील.

वहिनीने आधी दाराकडे पाहिलं. गॅलरीत शकुमावशीची सुपारी कातरायचा आवाज येत होता, तो थांबला होता.

"अख्खो दिवस?" वहिनी कुजबुजली. "आणि मावशीन विचारल्यान तर मी काय सांगू?"

दशरथ म्हणाला, "येऊ दे त्याला. कामाला येतोय."

"तुमका काय जाता सांगूक!" वहिनी नवऱ्यावर डाफरली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. तिने विमलाचा हात धरला. "मी सांगतंय काय करूचा ता. उद्या तो इलो काय मी त्याका मावशीच्या समोरच दादा म्हणतंय. भाऊबीजेक ओवाळतंयसुद्धा. मग कोणाचा तोंड वाजूचा नाय."

केवढ्या मायेने म्हणाली ती! विमलाला हसू आलं आणि डोळेही भरले. वहिनीचा उपाय तोच होता, जो दोन वर्षांपूर्वी विमलाने स्वतः केला होता. आणि त्या वेळी तो लागूही पडला होता.

तिने वहिनीचा हात सोडला नाही.

"वहिनी, त्यांना ओवाळू नकोस. उद्या ते आले की चहा दे, आणि ते माझे कोण लागतात असं कुणी विचारलं, तर कामाला आलेत एवढंच सांग."