रेणुकाबाईंनी बसवलेली खिडकी

ट्रेलरची खिडकी आधी नुसती ठिबकत होती. ती धो-धो गळायला लागली, ती माझ्यामुळे.

ट्रेलर माझ्या भाच्याचा, हर्षवर्धनचा. गाडीमागं जोडून न्यायच्या, आत पलंग-ओटा असलेल्या अशा चाकांवरच्या सात खोल्या तो भाड्यानं देतो. मी कुणाला न विचारता बेगम बाजारातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि केकवर क्रीम चढवावं तशी चौकटीला लिंपली. पुढच्या पावसात आतली गादी पिळावी लागली.

"मामा, कायकू हात लावले तुम्ही?" भाचा कळवळला.

मग रेणुकाबाई सोनकांबळे आल्या. मूळच्या नांदेडकडच्या, लग्न होऊन इथं शहरात, गौलीगुड्यात आलेल्या. बसच्या बॉडीच्या कारखान्यात अठरा वर्षं काढली. काम काय, तर मिस्त्रीच्या हाती रबर देणं आणि काचा पुसणं. खिडकी कशी बसते हे बाईंनी बघून बघून आत्मसात केलं, पण नाव प्रत्येक वेळी मिस्त्रीचं झालं. हर्षवर्धननं त्यांना सांगितलं, "ही एक काढून बसवा. कोरडी राहिली तर उरलेल्या सहा गाड्यांच्या खिडक्याही तुमच्या." पूर्ण खिडकी स्वतःच्या नावावर बसवायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

बाईंनी चौकटीच्या खाली बोट फिरवलं. "काका, ही भोकं कुणी बुजवली?"

मी आभाळाकडं पाहिलं.

"चौकटीत शिरलेलं पाणी हितून बाहेर जातं. तुम्ही त्याची वाटच बंद केली, मग ते घरात राहायला आलं."

त्यांनी आतले स्क्रू सोडले, बाहेर मला काच धरायला उभं केलं आणि चौकट अलगद ढकलली. माझं सिलिकॉन खरवडायला त्यांना अख्खी दुपार लागली. ओल्या लाकडाला तीन दिवस पंखा लावला. चौथ्या दिवशी काळी चिकट पट्टी चौकटीभोवती फिरवली, खिडकी जागेवर बसवली आणि स्क्रू एक इकडचा, एक समोरचा, असे थोडे थोडे आवळले. चारी बाजूंनी पट्टीचा काळा मसाला सारखाच दाबून बाहेर आला. मी तो पुसायला धावलो.

"नक्को! उद्या कापू. हात खिशात घाला."

घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तो मसाला कापला. दुपारी परत आल्या त्या फिक्या मोतिया रंगाची रेशमी साडी नेसून. थेंब पडला की डाग कायमचा, असली ती साडी. सरळ आत जाऊन खिडकीखालच्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "मारा पाणी."

हर्षवर्धननं पाइप सोडला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी काचेला नाक लावून आत बघत होतो, निम्मं पाणी माझ्याच अंगावर. आत बाई फोटोला बसल्यासारख्या ताठ.

पंधरा मिनिटांनी त्या दारात उभ्या राहिल्या आणि पदर दोन्ही हातांनी उलगडून दाखवला. कोरडा ठणठणीत.

"हौ, सहाही तुमच्या!" हर्षवर्धन ओरडला. छाती मात्र माझी फुगली, जणू ती खिडकी मीच बसवली होती.

साडीच्या किमतीचा विचार करत मी म्हणालो, "रेणुकाबाई, भीती नाही वाटली?"

"वाटली असती तर जुनी नेसले असते."