पुडीतले पांढरे कण

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दुधाचा थेंब नखावर घेऊन बघणारी मी. भाजीवाल्याने "ताजी हाय ताई" म्हटलं की मी हमखास जुडी उलटी करते. त्यात जुन्नरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी, म्हणजे आगीत तेलच. वीस-बावीस वर्षं काचेची भांडी धुतली, सरांना द्रावणं करून दिली. डोळ्यांनी दिसतं ते खरं नसतं, हे तिथे रोज बघितलं.

आई एकटी आण्याच्या पठारावर राहते. घर दोन खोल्यांचं, पुढे छपरी आणि छपरीत एक शेळी. वडील गेले तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, "आये, जुन्नरला चल." तिचं उत्तर ठरलेलं. "ह्या जितराबाला कोण बघंल? ही हाय तवर मी हितंच." ही म्हणजे शेळी. म्हातारीचा सगळा संसार त्या चार पायांवर उभा होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या शेळीचा राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता शेळीच्या जबड्याखाली पिशवी लोंबायला लागली. बोटाने दाबली की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी ओढून बघितली. पांढरीफटक. म्हणाले, पाझर तलावाच्या कडेला चरते ना, तिथल्या गोगलगायींतून चपटे जंत पोटात गेलेत. ते काळजात, म्हणजे यकृतात शिरतात, काळीज सुजतं आणि पाणी असं खाली उतरतं. त्यांनी गोळ्या दिल्या. सगळ्या एकदम नाही, ठरवून दिलेल्या अंतराने द्यायच्या. त्या मी आईच्या हातात ठेवल्या, दोनदा समजावलं, दाव्याला कागद बांधून त्यावर दिवसही लिहिले.

पुढच्या खेपेला गेले तर पिशवी निम्मी उतरलेली. आई खुशीत. "पुडीनं गुण आला," म्हणाली.

"कसली पुडी?"

तेव्हा कळलं. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली एक म्हातारी जुन्नरच्या आठवडी बाजारात हिरडा आणि मुळ्या घेऊन बसते. जनावराच्या सुजेवर ती पुडी देते. पुडीत काय आहे ते सांगत नाही. नाव सांगितलं की हातचा गुण जातो, सांगायचं ते एकाच माणसाला, आणि मग गुण त्या माणसाकडे जातो, असा त्यांच्याकडचा रिवाज. आईने शेजारणीकडून पुडी मागवली होती आणि डब्यात ओतून ठेवली होती.

मी डबा उघडला. तपकिरी भुकटी, आणि तिच्यात पांढरे कण.

झालं! माझ्या डोक्यात घंटा वाजली. झाडपाल्यात गोळ्या कुटून घालायच्या आणि नाव मुळीचं करायचं, असली फसवाफसवी मी ऐकली होती. आईची पाठ वळल्यावर चिमूटभर भुकटी कागदात बांधली आणि पर्समध्ये टाकली.

आमचे सर नेमकं ह्याच विषयावर काम करतात. त्यांचं म्हणणं असं, की गोळीने जंत मरतो, पण त्याने करून ठेवलेली सूज मागे राहते. त्या सुजेवर वनस्पतीतलं एखादं द्रव्य चालतं का, हे ते शोधताहेत. अजून काचेच्या भांड्याबाहेर काही आलेलं नाही, असंही ते प्रामाणिकपणे सांगतात. मी त्यांना म्हटलं, एवढं तपासून बघू का? ते म्हणाले, बघा की.

मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या पट्टीच्या एका बाजूला पुडीच्या द्रावणाचा थेंब ठेवला, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांच्या गोळीचा. द्रावण पट्टीवर चढत गेलं तसे ठिपके वर सरकले. निळ्या दिव्याखाली धरलं तर दोन्हीकडचा एकेक ठिपका अगदी एका उंचीवर येऊन थांबलेला. म्हणजे द्रव्य तेच. मी टाळीच वाजवली. सर म्हणाले, "नमुना कुठून घेतला?" मी म्हटलं, "पुडीतूनच, सर." किती ठसक्यात म्हटलं ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

बाजाराच्या दिवशी मी थेट म्हातारीपुढे जाऊन उभी राहिले. बारीक अंगाची, हिरवं लुगडं, पुढे फडक्यावर हिरड्याचा ढीग आणि कागदाच्या दहाबारा पुड्या.

"मावशे, ह्या पुडीत गोळी कुटून घालतेस ना? मी कॉलेजात तपासलंय. मशीन खोटं बोलत नाही."

"न्हाई वं बाई. मुळी हाय."

"कसली मुळी? नाव सांग."

"नाव न्हाई सांगत."

"का सांगशील! लोकांची जनावरं मारायचा धंदा! आधी तू खाऊन दाखव!"

भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "राव, हे लई झालं." कुणीतरी मोबाईल वर धरला. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, एक पुडी सोडली, चिमूट जिभेवर टाकली आणि गिळली. तोंड वाकडं केलं नाही की पाणी मागितलं नाही. पण माणसांना माझं कॉलेज ऐकू आलं होतं, तिची चिमूट दिसली नव्हती. उरलेल्या पुड्या त्या दिवशी कुणी घेतल्या नाहीत.

आठवडाभराने ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. पायांत चिखल, हातात मुळासकट उपटलेलं हातभर उंचीचं झाड. सर वर्गावर गेले होते. तिने झाड माझ्या टेबलावर ठेवलं, अगदी कानाशी आली आणि नाव सांगितलं. मूळ सावलीत वाळवायचं, किती कुटायचं, कितीदा द्यायचं, सगळं सांगितलं. मग हात झटकले.

"घ्या. आता गुण तुमच्याकडं. माझ्याकडं काय न्हाई ऱ्हायलं."

"मावशी, बसा तरी. पाणी घ्या."

"नको," म्हणाली आणि गेली.

मी मुळाचा तुकडा किसून तसल्याच पट्टीवर गोळीशेजारी चढवला. गोळीचा ठिपका नाही. पुन्हा केलं. नाही. त्याच संध्याकाळी आण्याची एसटी धरली.

आई छपरीत बसून वरवंट्याने काहीतरी कुटत होती. जवळ गेले. डॉक्टरांची गोळी! तिचा चुरा तिने डब्यातल्या भुकटीत ओतला आणि बोटाने कालवला. डबा आईचा, कालवलं आईने, आणि चिमूट मी त्याच डब्यातली नेली होती. वीस वर्षं नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणारी मी, आणि नमुना कुणाच्या हातून गेलाय एवढं विचारलं नाही.

"आये, हे काय करतीस?"

"नुसती गोळी द्यायचं भ्या वाटलं. नुसती पुडी द्यायचंबी. मग दोन्ही एक केलं."

"मग मला सांगायचं ना!"

आईने डब्याचं झाकण लावलं. शेळी मात्र टुणटुणीत झाली होती, जबडा साफ. गोळीने की मुळीने, हे आता देवालाही सांगता यायचं नाही. माझी तपासणी तर पार वाया गेली होती.

पुढच्या बाजाराला म्हातारीकडे गेले. माफी मागितली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, जशी ओरडले होते तशीच. ती ऐकत राहिली. हिरडा मोजून देत होती, फडक्यावर पुडी एकही नव्हती. एवढंच म्हणाली, "शेळी बरी हाय न्हवं?" हो म्हटलं. "मग झालं." पुडी मागितली तर नाही म्हणून मान हलवली. "आता तुमचं हाय ते. इमानानं द्या."

झाड मी सरांना दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं, हेही मला कळतं. पण नाव माझ्या तोंडून निघालं नाही, इथेही निघणार नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना आईचा फोन आला. पुन्हा पिशवी. तलावाकडे सोडू नकोस म्हणून किती सांगितलं होतं! मी डॉक्टरांकडून गोळी घेतली. रजा टाकून सावलीत वाळवलेलं मूळ काढलं, म्हातारीने सांगितलं तसं मोजून कुटलं, वेगळ्या कागदात बांधलं आणि आण्याला गेले. शेळी मान खाली घालून उभी होती. आईने गोळी घेतली. पुडी उघडून वास घेतला.

"कुणी दिली?"

"मीच केली."

आईने पुडी माझ्यापुढे धरली. "आधी तू खाऊन दाखव."

मला हसू आलं. आधी वाटलं, बाजारातली गोष्ट तिच्या कानावर गेली असणार आणि ती चेष्टा करतेय. पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"आये, काय बोलतीस तू?"

"ही मेली की मी जुन्नरला येणार. तुला त्येच पायजे व्हतं न्हवं? म्हणून मागंबी तुझी गोळी नुसती न्हाई दिली मी."

मला नाही म्हणायचं होतं. शेळीकडे बघितलं. तिचा किती राग केला होता मी, ते मला ठाऊक होतं आणि आईलाही ठाऊक होतं. नाही म्हणता आलं नाही.

चिमूट घेतली आणि जिभेवर टाकली. कडूजहर. डोळ्यांत पाणी आलं, तरी गिळली. आई माझ्या तोंडाकडे बघत बसली, बराच वेळ. मग उठली, गोळीचा चुरा केला, पुडीत कालवला आणि शेळीचं तोंड उघडून म्हणाली, "मान धर तिची. घट्ट."

मी मान धरली.