हात लावू काय?

परवा अमरावतीला माहेरी गेले, तर जुईलीसाठी नवी बाई लागली होती. बाई तशी चांगली आहे, वेळेवर येते, फोनवर कमी बोलते. पण माझ्यादेखत तिनं जुईची हनुवटी धरली आणि ओल्या फडक्यानं तोंड खसाखसा पुसायला घेतलं. जुईनं मान फिरवली. बाई म्हणाली, "भल्ले नखरे करते जी ही." माझं डोकंच फिरलं. फडकं तिच्या हातातून काढून घेतलं आणि दुर्गामावशीची इतकी आठवण आली, की स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

जुई माझी धाकटी बहीण. जन्मताना तिचा श्वास अडकला, त्यामुळे हातपाय ताठर राहिले आणि बोलणं आलं नाही. समजतं मात्र सगळं. हे 'समजतं सगळं' आमच्या घराला कळायला एकोणीस वर्षं लागली, आणि ते सांगायला बार्शीटाकळीहून चौथी शिकलेली बाई यावी लागली. माझे बाबा वकील. दुसऱ्यांची संमतीपत्रं तयार करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि घरात हे असं.

दुर्गामावशी पहिल्या दिवशी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि जुईच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली. म्हणाली, "जुई, मी दुर्गा. तुले आंघोळ घालाले आली. हात लावू काय?" आणि नुसती बसून राहिली. बादलीतलं पाणी निवायला लागलं. आई म्हणाली, "दुर्गाबाई, ती बोलत नाही हो."

"बोलत नाई म्हून आजवर कोनी इचारलंच नाई काय?"

आईला राग आला. मलाही आला, खोटं कशाला बोलू. कामाला ठेवलेली बाई पहिल्याच दिवशी आपल्याला शिकवते म्हणजे काय! पण चौथ्या दिवशी त्याच प्रश्नावर जुईनं डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या फळीवर दोनदा आपटली. "हे होय झालं," मावशी म्हणाली. "अन मान फिरवते ते नाई." ते मान फिरवणं एकोणीस वर्षं आम्ही हट्ट समजत होतो. त्या दिवशी आई दुपारी जेवली नाही.

तेव्हापासून आंघोळ, वेणी, कपडे, घास, सगळ्याआधी तोच प्रश्न. अर्ध्या तासाच्या कामाला तास लागायचा. मावशीला घाई म्हणून कधी नव्हतीच. आणि जिभेला हाड नव्हतं. शेजारच्या शकुनकाकू जुईला पाहून "देवाचं लेकरू" म्हणायच्या. एकदा मावशीनं ऐकवलं, "देवाचं हाये, तं देवानं यावं अन आंघोळ घालून जावं. मी सुट्टी घेतो." अपंगत्वाच्या दाखल्यावर जुईचे ऐंशी टक्के लिहिलेले होते. त्यावर मावशीचं म्हणणं, "मंग वीस टक्के तं तुमच्या-माह्यासारखीच हाये ना? त्या वीस टक्क्याले तरी इचारत जा." आणि आम्हा घरच्यांवर तिचा सगळ्यात जास्त राग. "घरचे लोक जीव लय लावते. पन जीव लावला म्हंजे सातबारा नावावर झाला काय?"

एकदा वेणी घालताना मी तिला विचारलं, की हे तू कुठे शिकलीस? ती हसली. "माह्या लग्नाच्या हयदीत. पंधराची होतो मी. अंगनात पाट मांडला तवा वाटलं, मोठ्या बहिनीची हयद हाये. मलेच बसवलं. धा बायांनी हात लावले, गालाले, पायाले. एकीनं बी इचारलं नाई, का पोरी, लावू काय." मग जुईच्या वेणीला रिबिन बांधत म्हणाली, "नवरा वाईट नोता बापा माहा. पन इचारलं असतं तं बरं वाटलं असतं."

मी सव्विशी ओलांडली तेव्हा घरात माझ्या लग्नाची घाई सुरू झाली. दोन स्थळं आली. दोन्ही वेळा पाहुण्यांनी पोहे खाल्ले, जुईकडे पाहिलं आणि नंतर पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. तिसरं स्थळ अकोल्याचं, शुभंकर नावाचा इंजिनीअर. मला तो फोटोतच आवडला होता. आईबाबांनी ठरवलं, की पाहुणे यायच्या आदल्या दिवशी जुईला अकोटला माणिकआत्याकडे पाठवायचं, हवापालट म्हणून. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

गाडी दारात आली. मावशी स्टुलावर बसली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "जुई, अकोटले जातं काय?" जुईनं मान भिंतीकडे फिरवली.

"दुर्गाबाई, हे तिला विचारायचं नव्हतं," बाबा म्हणाले.

"मंग तिले उचलाचं बी माह्यानं होनार नाई, वकीलसाहेब. तुमी बसवा गाडीत."

बाबा खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले. जुईला कुठून धरायचं, हेच त्यांना माहीत नव्हतं. मग माझा तोल सुटला. मी मावशीला म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न आहे. माझं लग्न मोडलं तर तू जमवून देणार आहेस का?" मावशी चिडली नाही. उठली आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "तुले पायजे ना? मंग तूच इचार तिले. पन खरं सांगून इचारजो."

खरं सांगायचं! मी बसले. जुईचे डोळे माझ्यावर होते. कसंबसं म्हणाले, "जुई, उद्या मला बघायला येणार आहेत. तू दिसलीस तर ते नाही म्हणतील, अशी मला भीती वाटते. म्हणून तुला पाठवतोय. जाशील का?" इतकं वाईट वाक्य मी आयुष्यात बोलले नव्हते. जुई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिची मूठ उठली. दोनदा आपटली.

मी ढसाढसा रडले. म्हटलं, नाही, ती कुठेही जाणार नाही. तर मावशी माझ्यावरच उखडली. "आता तू कोन नाई म्हननारी? तिनं होय म्हटलं ना? राहू द्याचं असन तं पुन्हा इचार." मी नाक पुसलं आणि पुन्हा विचारलं, उद्या माझ्याजवळ बसशील का. या वेळी जुईनं वाट पाहायला लावली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या जांभळ्या ड्रेसमध्ये माझ्या शेजारी होती. चार दिवसांनी अकोल्याहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. मी आठ दिवस मावशीशी बोलले नाही. तीही बोलली नाही, फक्त माझा चहा रोज झाकून ठेवायची.

दोन वर्षांनी ईशान भेटला. पहिल्या भेटीतच मी त्याला जुईच्या समोर स्टूल दिलं. लग्न ठरलं. आता मी अकोल्याला असते, आणि मावशी गुडघे गेल्यामुळे बार्शीटाकळीला, लेकाकडे. जवळच आहे, पण जाणं होत नाही.

माझ्या हळदीला पाच सवाष्णी तयार होत्या. मी म्हटलं, पहिली हळद जुई लावेल. माणिकआत्यानं तोंड वाकडं केलं. मावशी दारातच उभी होती. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, हळदीच्या वाटीजवळ ती स्वतःहून येणार नव्हती. मी तिला हाक मारली. तिनं जुईची खुर्ची आणली, जुईला विचारलं, तिची बोटं हळदीत बुडवली आणि तो ताठ हात धरून माझ्या गालापर्यंत आणला. तिथेच थांबवला. हात हवेत, हळद माझ्या साडीवर टपकतेय, आणि जुई माझ्या डोळ्यांत बघतेय.

"लाव ना गं," आई मागून म्हणाली.

"थांबा जी," मावशी म्हणाली. "तिनं इचारलं हाये."

मी डाव्या हाताची मूठ वळली आणि पाटावर दोनदा आपटली.