टाकीच्या पाण्याची राखण

माझं नाक संशयी आहे असं माझी मुलगी म्हणते. यात नाकाचा काही दोष नाही. रत्नागिरीतल्या एका मासळीच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी कोळंबी हुंगण्यात गेली. समोर ट्रे यायचा, मी त्यातल्या दोन-चार कोळंब्या उचलायचे, हुंगायचे आणि माल पुढे जाणार की परत, ते सांगायचे. माल आणणारा प्रत्येक जण गळ्याची शपथ घेऊन सांगायचा की कोळंबी आजचीच आहे. अशी वर्षं काढल्यावर माणूस भोळा राहत नाही. आजही दूधवाला जरा जास्त हसून बोलला की मी पातेल्यात आधी नाक घालते.

मुलगी जनावरांची डॉक्टर. पालीच्या रस्त्याला तिचा दवाखाना आहे. लंगडी, लुळी पडलेली कुत्री चालती करायला तिनं तिथं पाण्याची टाकी बसवली. काचेची पेटीच म्हणा, कुत्रं आत उभं राहील एवढी. तळाला सरकता पट्टा. कुत्र्याला आत घ्यायचं, दार लावायचं, पोटापर्यंत कोमट पाणी भरायचं आणि पट्टा हळू सुरू करायचा. पाणी अंगाचा भार उचलतं, त्यामुळे जमिनीवर ज्याचे पाय टेकत नाहीत तेही पाऊल टाकू लागतं. मग पाणी वाळूच्या फिल्टरमधून मागच्या मोठ्या टाकीत परत जातं आणि पुढच्या कुत्र्याला तेच वापरतात.

तेच वापरतात, हे ऐकल्याबरोबर माझ्या कपाळाला आठी पडली. एकाच्या अंगचं दुसऱ्याच्या अंगाला. त्यात कोणाला ऑपरेशनचे टाके, कोणाला खरूज, कोणाला पोटाचा ताबा नाही. मुलगी म्हणाली, म्हणूनच मला कोणावरही विश्वास न ठेवणारं माणूस पाण्यावर हवंय. निवृत्तीनंतर घरी बसून मी शेजाऱ्यांवर संशय घेण्यापेक्षा ते बरं, असं तिच्या मनात असणार. मी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

काम तसं सोपं, पण रोजचं. पाण्यातले केस अडवणारी जाळी काढून धुवायची. काचा पुसायच्या, नाहीतर पाण्याच्या रेषेवर बुळबुळीत थर धरतो. क्लोरीन घालायचं आणि नळीत थोडं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकून बघायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, पांढरंच राहिलं तर संपलं. आणि मुख्य नियम असा की कुत्रं आत जाण्याआधी बाहेरच्या मोरीवर धुवायचं. अंगाला मलम, पावडर, तेल काही लावलेलं चालणार नाही. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. सगळे मान हलवायचे. कारखान्यातही सगळे मान हलवायचेच.

वैशाखात पाणी बिघडायला लागलं. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारपर्यंत गढूळ. वर पातळ तवंग, काचेला हिरवट चिकट रेघ. क्लोरीन घालावं तर थोड्या वेळानं थेंब टाकले की पाणी पांढरंच. कोणीतरी क्लोरीन खाऊन टाकत होतं. रोज होत नसे, मधूनच होई, आणि त्यामुळे मला जास्त राग येई. पंप बिघडला असता तर तो रोज बिघडला असता. मधूनच होतं ते माणसाचं काम असतं.

तशात एका पामेरियनच्या ऑपरेशनच्या टाक्यांत पू झाला. पाण्यानंच झाला असं सांगता येत नव्हतं आणि पाण्यानं नाही झाला असंही सांगता येत नव्हतं. मुलगी त्या रात्री जेवली नाही. सकाळी म्हणाली, "आई, पाणी असंच बिघडत राहिलं तर मी टाकी बंद करणार. विहीर भरेपर्यंत." विहिरीनं तळ गाठला होता, टाकी रिकामी करून नव्यानं भरायची सोयच नव्हती. म्हणजे पावसाळा चांगला लागेपर्यंत टाकी कोरडी.

इतरांचं त्यावाचून फारसं अडलं नसतं. अडणार होतं नाटे गावच्या तांडेलाचं. सत्तरीच्या घरातला माणूस, होडीचा म्होरक्या म्हणून जन्म समुद्रावर गेलेला. गेल्या थंडीत बायको वारली. घरात तो आणि एक तांबडा गावठी कुत्रा. तो कुत्रा जेटीवरून खाली रिकाम्या होडीत पडला आणि मागचे पाय गमावून बसला. बाकीच्यांनी सांगितलं, सोडून दे, याचं काही होणार नाही. तांडेल त्याला गोणपाटावर घालून आमच्याकडे घेऊन आला. आता कुठे तो कुत्रा पाण्यात मागची पावलं टेकायला लागला होता. मुलीनं तांडेलाला स्वच्छ सांगितलं होतं की आता खंड पडला तर मांड्या आणखी सुकतील आणि मग पाय परत येणार नाहीत.

त्याच्या पुतण्याचा मासळीचा टेम्पो रत्नागिरीला यायचा, त्यात बर्फाच्या पेट्यांशेजारी ही जोडी बसून यायची. कुत्र्याला मासळीचा वास भप्प यायचा. मी हुंगायचे. मासळी ताजी असायची. मी त्याला मोरीवर पाणी मारून आत सोडायचे.

टाकी बंद पडू शकते हे कळल्यावर तांडेल माझ्याशेजारी स्टुलावर येऊन बसायला लागला. आपलं सेशन संपलं तरी टेम्पो परत निघेपर्यंत तो तिथंच. दोघं मिळून पाण्यावर पहारा. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत माझ्या संशयाला पहिल्यांदाच कोणी जोडीदार मिळाला होता. देवरूखचे एक प्राध्यापक आपली लठ्ठ लॅब्रेडोर घेऊन यायचे. तिचं अंग नको तितकं चकाकायचं. तांडेल हळूच म्हणाला, "बाय, ह्या कुत्रीची कातडी बगा कशी चमाकते. कायतरी लावीत असतील." माझ्या मनात तेच होतं.

मग मी प्राध्यापकांच्या मागे लागले. ते फोनवर बोलत असताना मी पांढरा रुमाल घेऊन त्यांच्या कुत्रीची पाठ घासली आणि रुमाल नाकाला लावला. त्याच वेळी ते वळले. कुत्रीनं माझं तोंड चाटलं. रुमालाला कुत्र्याशिवाय कसलाही वास नव्हता. पुढच्या खेपेपासून ते कुत्रीच्या आणि माझ्या मध्ये उभे राहायला लागले.

तिथून माझा संशय शेजारच्या बंगल्याच्या शौचखड्ड्यावर गेला, मग पंपवाल्यावर, मग क्लोरीन विकणाऱ्यावर. एक दिवस तर मुलीलाच विचारलं, तू घाईत कुत्री न धुता आत घेत नाहीस ना? ती इतकी दुखावली की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला वाईट वाटलं, पण संशय गेला नाही. या टाकीभोवती वावरणाऱ्यांत एक माणूस खोटं बोलत होता, याबद्दल माझी खात्री होती. आणि ती खात्री खरी निघाली, हेच पुढे मला नकोसं झालं.

जूनमध्ये पावसाळी बंदी लागली आणि मासेमारी थांबली. पाऊस अजून लागला नव्हता. टेम्पो उभा राहिला, म्हणून तांडेल गावातल्या कोणाच्या तरी रिक्षातून आला. मी नेहमीप्रमाणे कुत्र्यावर वाकले. आज मासळी नव्हती. आणि तिच्याखाली इतके दिवस दबलेला वास सरळ माझ्या नाकात शिरला. कडू, उग्र, जुना. उंडेल.

उंडीच्या बियांचं तेल. आमच्या किनाऱ्याला उंडीची झाडं चिकार. पूर्वी बायका बिया गोळा करून सुकवायच्या आणि घाण्यावरून तेल काढून आणायच्या. होडीच्या लाकडाला तेच आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनाही तेच. माझी आई लावायची. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. पण मासळीच्या वासाला मी जन्मभर एकच प्रश्न विचारत आले होते, ताजी की शिळी? ताजी असली की माझं नाक माल पुढे पाठवायचं. हा कुत्राही मी तसाच पुढे पाठवत आले होते.

मी कुत्र्याच्या मांडीवरचे केस उलटे केले. मुळाशी चिकट, हिरवट. पाणी मारून, साबण लावून वरचं जातं. मुळातलं कोमट पाण्यात सुटतं.

"तांडेल, तेल लावता?"

"तेल? नाय ओ. तुमीच सांगितलाय ना लावायचा नाय म्हनून."

त्यानं हे माझ्याकडे न बघता सांगितलं. मी बोट त्याच्या नाकासमोर धरलं. तो बोटाकडे बघत राहिला आणि मग खाली बसला, मोरीच्या कठड्यावर.

मला भयंकर राग आला. पामेरियनचा पू, प्राध्यापकांसमोरची शोभा, मुलीला बोललेलं, सगळं एकदम वर आलं. हा माणूस माझ्याशेजारी बसून दुसऱ्याच्या कुत्रीकडे बोट दाखवत होता. मी त्याला म्हटलं, तुमच्याच कुत्र्यासाठी टाकी चालू राहायला हवी आणि तुम्हीच ती बंद पाडताय. आवाज ऐकून मुलगी बाहेर आली. तिनं ऐकून घेतलं, रागावली नाही, फक्त म्हणाली की आज केसांच्या मुळापर्यंत धुऊ आणि आत घेऊ, यापुढे तेल नाही.

दोघींनी मिळून कुत्र्याला शॅम्पू चोळचोळून धुतलं. वास गेला. पाणी त्या दिवशी सुरेख होतं, तळाच्या पट्ट्यावरची रेघन् रेघ दिसत होती. कुत्रा आत गेला, पाणी पोटाला लागलं आणि तो थरथर कापायला लागला. पट्टा सुरू केला तर पुढचे पाय आखडून तो मागच्या काचेला जाऊन चिकटला. मुलीनं पट्टा थांबवला, पुन्हा सुरू केला. बिस्किट दाखवलं. तांडेलानं बाहेरून हाका मारल्या. कुत्रा तोंड वर करून रडायला लागला. आतापर्यंत तो या पाण्यात निमूट चालला होता, आणि आज पाणी निर्मळ असताना त्याला मरण दिसत होतं.

मुलीनं पाणी उतरवायला घेतलं तेव्हा तांडेल बोलला. कुत्रा त्याचा नव्हताच, बायकोचा होता. तिच्या गुडघ्यांना रोज उंडेल लागायचं आणि कुत्रा तिच्या पायांवर डोकं ठेवून झोपायचा. ती गेल्यावर तिच्या जागेवर जाऊन हुंगत बसायचा. इथं पहिल्यांदा आणायचं तेव्हा तो टेम्पोत ठेवू देईना, म्हणून तांडेलानं त्याच्या मांड्यांना तेल चोळलं. कुत्रा शांत झाला.

"तेल नाय लावला तर तो पाण्यात पाय टाकीत नाय, बाय. त्येला वाटतां ती हाय इतंच," तो म्हणाला. "तुमाला सांगितला असता तर तुमी बंद केला असता."

खरंच होतं. सांगितलं असतं तर मी त्याच मिनिटाला बंद केलं असतं.

त्यानं पिशवीतून बाटली काढली. सरबताची जुनी बाटली, तळाला थोडंसं काळपट हिरवं तेल. तेल बायकोनं शेवटचं काढून आणलेलं. मी मूर्खासारखं विचारलं, संपल्यावर काय करणार होतात? तो म्हणाला, संपला तर संपला, तोवर तो चालता होईल. स्वतःसाठी त्यानं त्यातला थेंबही ठेवला नसता. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मला रडू आलं आणि ते लपवायला मी केसांची जाळी धुवायला घेतली, जी स्वच्छच होती.

बाटलीच्या मानेला एक फडकं गुंडाळलेलं होतं. तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, तेल गाळायचा. जाळी धुता धुता माझं लक्ष तिकडे गेलं. मी हात पुसले, फडकं मागितलं. त्याला ते सोडवेना, पण त्यानं दिलं. टाकीच्या पुढच्या बाजूला, कुत्र्याच्या नाकासमोर, पाण्याच्या वर हवेसाठी झरोका आहे. मी ते फडकं झरोक्याच्या बाहेरून कडीला बांधलं. पाण्याला ते कुठेही लागत नव्हतं, हे मी दोनदा पाहिलं.

मुलीनं पुन्हा पाणी चढवलं. कुत्र्याचं नाक हललं. कापणं थांबलं. मागच्या काचेपासून तो सुटा झाला, मान पुढे ताणली आणि पट्टा सुरू झाल्यावर फडक्याच्या दिशेनं चालायला लागला. आधी पुढचे पाय, मग मागचा उजवा, मग घासत घासत डावाही. तांडेलानं कुत्र्याकडे पाहिलं नाही. तो फडक्याकडे पाहत होता.

सेशन झाल्यावर मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी पिवळंधमक झालं. तांडेलानं बाटली उजेडात धरून आतलं तेल बघितलं आणि बूच घट्ट बसवलं.

"फडक्याला थेंबभर पुरतो," तो म्हणाला. "म्हंजे आता ती सरायची नाय इतक्यात."

फडकं त्यानं टाकीलाच बांधलेलं ठेवलं. त्या टाकीभोवतीची एकूण एक वस्तू मी रोज धुते, दाराची कडीसुद्धा. त्या फडक्याला मी अजून पाणी लावलेलं नाही.